टाके निघाले, बोट मात्र वाकलं

सोयाबीन सोंगताना कोणाचा हात कापला की आमच्याकडं पहिला प्रश्न ठरलेला, टाके किती पडले. जास्त पडले म्हटलं की लोक हळहळतात, दोनच पडले म्हटलं की "मंग काई नाई बाप्पा" म्हणून कामाला लागतात. जखमेचं माप आपण टाक्यांवरून काढतो आणि नेमकं तिथंच चुकतं, कारण टाके पडतात कातड्याला. खाली काय तुटलं ते टाक्यांवरून कळत नाही.

आमची मोठी वहिनी, दसरा झाल्यावर सोंगणीला गेलेली. डाव्या हातात झाडांची मूठ धरायची अन् उजव्या हातानं विळा ओढायचा, आणि त्या दिवशी विळ्याला नुकतीच धार लावून आणलेली, तो सटकला आणि डाव्या मनगटावर करंगळीच्या बाजूनं बसला. रक्त खूप गेलं. आता मनगटात त्या बाजूला रक्ताची धमनी आणि अल्नर नावाची नर्व्ह (स्पर्शाचे-हालचालीचे निरोप नेणारी चेता) अगदी चिकटून चालतात, म्हणजे एक कापली तर दुसरीवर संशय घ्यायलाच पाहिजे. पण रक्त दिसतं, नर्व्ह दिसत नाही. बायांनी हळद दाबली, दुपट्टा बांधला, दादानं गाडीवर बसवून जवळच्या एका दवाखान्यात नेलं, तिथं रक्त थांबवलं, टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन, गोळ्या, घरी. करंगळीला हात लावलेला कळतो का हे कोणी विचारलंच नाही. अर्ध्या मिनिटाचं काम आहे हो ते, आणि ते जागा सुन्न करायचं इंजेक्शन देण्याआधी करायचं असतं, नंतर विचारून काय उपयोग, सगळंच सुन्न.

टाके निघाले, जखम छान भरली, दिवाळीच्या फराळात वहिनीच्या लक्षात आलं की चकलीचा सोऱ्या डाव्या हातात नीट धरल्या जात नाही. मग करंगळी आणि तिच्या बाजूचं बोट हळूहळू आत वाकायला लागलं. मला म्हणाली, "भाऊजी, हे बोट माह्यं हाय का शेजारणीचं, काई कयतच नाई."

आणि मग गावानं आपलं निदान केलं. वाकलेली दोन बोटं, वर सुन्न, म्हणजे महारोग. तोंडावर कोणी बोललं नाही, पण हळदीकुंकवाला वहिनीच्या हातचं पाणी दोघीतिघींनी नुसतं ओठाला लावून ठेवलं, हे तिनं बरोबर टिपलं. वर्धा जिल्ह्यात हे व्हावं याचं मला जास्त वाईट वाटतं. इथून जवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी 1936 मध्ये कुष्ठधाम सुरू केलं, सेवाग्राम आश्रमात गांधीजी स्वतः कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींच्या जखमा धुवायचे, तिकडं वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन. एवढं सगळं अंगणात होऊन गेलं आणि तरी ओठाला पाणी लावून ठेवणं सुटलं नाही.

गावाचं निरीक्षण चुकीचं नव्हतं हं, निष्कर्ष चुकला. कुष्ठरोगात बोटं वाकतात ती याच नर्व्हमुळं. तो जंतू (नॉर्वेच्या हॅन्सननं 1873 मध्ये दाखवला तो) नर्व्हच्या धाग्यांना गुंडाळून बसणाऱ्या श्वान पेशींमध्ये (श्वान हे शास्त्रज्ञाचं नाव, कुत्र्याचं नाही) घर करतो, आणि त्याला शरीरातल्या थंड जागा आवडतात म्हणून कातड्याजवळून जाणाऱ्या नर्व्ह आधी सापडतात, कोपराच्या मागं अल्नर नर्व्ह तर अगदी वरच असते. टेबलाच्या कोपऱ्यावर कोपर आपटलं की करंगळीपर्यंत जो करंट जातो ना, तीच. वहिनीची तीच नर्व्ह विळ्यानं तुटली होती, परिणाम सारखा दिसणारच. आशाताईंनी येऊन पाठ, दंड, सगळीकडं चट्टे तपासले, काही नाही, आणि त्यांनीच म्हटलं की हे जखमेचं आहे, मोठ्या दवाखान्यात न्या. त्यांचे उपकार.

तिथल्या डॉक्टरांनी फक्त एक कागद घेतला. वहिनीला म्हणाले करंगळी आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत धरा, आणि ओढला, सुळकन निघाला. उजव्या हाताच्या बोटांतून मात्र फाटला तरी निघेना. मग मशीनवर करंट देऊन नर्व्हची तपासणी झाली, पण निदान त्या कागदावरच झालं होतं असं मला वाटतं.

आता आत काय होत होतं ते सांगतो, कारण मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि पोरांना चेतापेशीची आकृती काढायला लावून आम्ही थांबतो, ती तुटल्यावर काय होतं हे कोणी विचारत नाही अन् आम्हीही सांगत नाही.

करंगळीची हालचाल करणाऱ्या पेशीचं मुख्य घर करंगळीत नसतं, मनगटातही नसतं, ते मानेतल्या मज्जारज्जूत असतं. स्पर्श आणणाऱ्या पेशीचं घर मणक्याच्या अगदी बाजूला. तिथून एकच धागा निघतो तो थेट हातापर्यंत, हातभर लांबीची एकच पेशी. विळा मनगटावर बसला म्हणजे घर शाबूत आणि दाराबाहेरचा धागा तुटलेला. तुटलेल्या जागेच्या खालचा, बोटाकडचा भाग मरतो कारण त्याला रसद वरून येत होती. पण तो लगेच मरत नाही. काही दिवस त्याला खालून करंट दिला तर तो वाहून नेतो. म्हणून अपघात झाल्याबरोबर केलेली ती करंटची तपासणी फसवते, आणि साधारण तीन आठवड्यांनी केलेली जास्त खरं सांगते. हा खालचा भाग कसा विरघळत जातो हे ऑगस्टस वॉलर नावाच्या इंग्रज डॉक्टरनं 1850 मध्ये बेडकाच्या जिभेतल्या नर्व्ह कापून पाहिलं, आजही त्याला वॉलेरियन डिजनरेशन म्हणतात.

मला यातलं सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं. धागा मेला तरी त्याच्यावर गुंडाळून बसलेल्या श्वान पेशी मरत नाहीत, त्या आपलं रोजचं काम सोडून देतात. आतापर्यंत धाग्याभोवती चरबीचं आवरण घालून बसायचं एवढंच त्यांचं काम, आता त्या ते आवरण स्वतःच फोडायला लागतात, रक्तातून सफाई करणाऱ्या पेशी बोलावतात, मेलेला माल उचलवतात, स्वतः वाढतात आणि रिकाम्या जागेत एकामागं एक ओळीनं उभ्या राहतात. वर मानेत मूळ पेशीचं केंद्रक मधून कडेला सरकतं, पेशी फुगते, निरोप पाठवायचं काम बाजूला ठेवून बांधकामाचं सामान तयार करायला लागते. म्हणजे गावात सगळे म्हणत होते की हात भरला, आणि आत तर काम नुकतं सुरू झालेलं!

वरच्या तुटक्या टोकाला मग कोंब फुटतो. स्पेनच्या रामोन इ काहाल यांनी 1890 मध्ये त्या टोकाचं वर्णन केलं, ग्रोथ कोन म्हणतात. ते टोक चाचपत पुढं जातं आणि श्वान पेशींनी सोडलेल्या रसायनांच्या मागं मागं जातं. असल्या रसायनांपैकी पहिलं, नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, रिटा लेवी मोंताल्चिनी आणि स्टॅनली कोहेन यांनी शोधलं आणि त्यांना 1986 चं नोबेल मिळालं. या बाईंनी मुसोलिनीच्या काळात ज्यू म्हणून विद्यापीठातून काढल्यावर घरातल्या खोलीत कोंबडीच्या अंड्यांवर प्रयोग केले होते. आमच्या शाळेतली प्रयोगशाळा पाहिली की मला त्या आठवतात, दुसरं काय करणार.

पण कोंबाला रस्ता पाहिजे. ठिबकची नळी आतून बुजली तर साफ करून पुन्हा पाणी सोडता येतं, मधोमध कापली गेली तर दोन टोकं समोरासमोर आणून जोडल्याशिवाय पाणी पुढं जाईल का? इथंही तेच. हर्बर्ट सेडन यांनी 1943 मध्ये नर्व्हच्या इजेच्या तीन पायऱ्या केल्या त्या साधारण अशाच. एकात नर्व्ह फक्त दबलेली असते, धागा शाबूत, काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप येते, दारू पिऊन खुर्चीच्या पाठीवर हात टाकून झोपलेल्या माणसाचं मनगट सकाळी लटकतं ना, ते बहुतेक याच प्रकारातलं. दुसऱ्यात धागे तुटतात पण बाहेरची नळी राहते, इथं उशीर लागतो पण निसर्ग बरंच करतो. तिसऱ्यात सगळंच तुटतं आणि टोकं मागं सरकतात. विळा, काच, कडबा कटर, हे सगळे तिसऱ्यातले. इथं वाट पाहणं म्हणजे वेळ घालवणं, कारण रस्ता न सापडलेले कोंब जागच्या जागी गुंता करतात आणि तिथं एक दुखरी गाठ होते. वहिनीच्या मनगटावर तसली गाठ झालीच होती, बांगडी लागली की ओरडायची.

या काळात तिला किती जणांनी किती उपाय सांगितले विचारू नका. तेलाची मालिश, विटेचा शेक, एकानं तर नसेच्या ताकदीच्या इंजेक्शनांचा कोर्स लिहून दिला. बी 12 कमी असेल तर ते द्यायलाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण तुटलेली दोन टोकं इंजेक्शननं एकमेकांकडं चालत येत नाहीत. आणि सुन्न हाताला शेक देणं हा तर सरळ वेडेपणा आहे.

ऑपरेशन संक्रांतीच्या आधी झालं. टोकं मागं गेलेली, गाठ काढल्यावर मध्ये जागा उरली, म्हणून पायाच्या पोटरीमागून जाणारी एक स्पर्शाची नर्व्ह काढून तिचे तुकडे मध्ये बसवले, मायक्रोस्कोपखाली, केसाहून बारीक दोऱ्यानं. पावलाची बाहेरची कड कायमची बधिर राहील हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं. वहिनी म्हणाली, "पायाले काय सोयाबीन सोंगाचं हाय?" जखम ताजी असताना आलो असतो तर टोकाला टोक जोडून भागलं असतं, असंही डॉक्टर म्हणाले. दादा काही बोलला नाही.

मग हिशोब. कोंब दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतो. महिन्याला एक इंच धरा. मनगटापासून तळहातातल्या बारीक स्नायूंपर्यंत 7-8 सेंटिमीटर, करंगळीच्या टोकापर्यंत त्याच्या दुप्पट, वर सुरुवातीला काही आठवडे कोंब जोडाच्या जागीच चाचपत बसतो, आणि मध्ये तुकडा घातला म्हणजे जोड दोन. त्यात दुसऱ्या बाजूनं घड्याळ चालू. नर्व्हशिवाय राहिलेला स्नायू वाळत जातो, साधारण वर्ष ते दीड वर्षानंतर कोंब पोचला तरी त्याला घेणारं कोणी राहत नाही. म्हणून दंडाशी किंवा काखेत नर्व्ह तुटली तर बोटांचे स्नायू परत मिळणं इतकं अवघड, अंतरच तेवढं आहे. स्पर्शाला मात्र एवढी घाई नसते, तो उशिरासुद्धा थोडाफार येतो.

वहिनीला हे सगळं पटवून देणं सोपं नव्हतं. ऑपरेशन झालं म्हणजे दुसऱ्या दिवशी बोट हललं पाहिजे अशी सगळ्यांची समजूत. वर रोज स्प्लिंट (बोटांना आधार देणारी पट्टी) घालायचा, उजव्या हातानं डाव्या हाताची बोटं सरळ करत राहायची, म्हणजे कोंब पोचेपर्यंत सांधे आखडू नयेत. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्यात रोज काहीच बदल दिसत नाही. बदल पाहायची एक युक्ती फिजिओ मॅडमनी शिकवली, मनगटापासून खाली नर्व्हच्या रेषेवर बोटानं टकटक करायचं. जिथवर कोंब पोचला तिथं टकटक केली की करंगळीत मुंग्या येतात. झ्यूल टिनेल या फ्रेंच डॉक्टरनं पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांवर हे पाहून 1915 मध्ये लिहिलं होतं. आम्ही बॉलपेननं खूण करायचो. होळीला खूण मनगटाच्या घडीखाली होती, अक्षय तृतीयेला तळहाताच्या मध्यापर्यंत आली. घरात त्या खुणेची चर्चा कापसाच्या भावासारखी व्हायची, कुठवर आली, कुठवर आली.

मध्ये एकदा भाकरी थापताना करंगळीची कड तव्याला लागून राहिली. वास आला तेव्हा तिला कळलं. फोड आला, पिकला, चिडचिड झाली. पॉल ब्रँड हे सर्जन वेल्लोरला कुष्ठरोग्यांवर काम करत होते, त्यांनी हेच ओळखलं की रोगानं बोटं झडत नाहीत, दुखत नाही म्हणून माणूस भाजून घेतो, कापून घेतो, जखमेवरच चालतो आणि त्यात बोटं जातात. वाकलेली बोटं सरळ करायला दुसरीकडचा चांगला स्नायूबंध फिरवून लावायची ऑपरेशनंही त्यांनी तिथं केली, त्यातून आपल्या देशात हे शास्त्र वाढलं. तर त्या दिवसापासून वहिनीला चुलीजवळ डाव्या हाताला जाड कापडाचा मोजा, आणि रात्री झोपण्याआधी हात डोळ्यांनी तपासायचा, कारण बोट स्वतः सांगणार नव्हतं.

पावसाळ्याच्या तोंडाशी करंगळीत काहीतरी येऊ लागलं, पण ते विचित्र. टाचणी टोचली की एका जागी न दुखता अख्ख्या कडेला घाणेरडी झणझण, बर्फ लावला तर भाजल्यासारखं, आणि कापसाचा बोळा फिरवला तर काहीच नाही. ती घाबरली, मला मात्र आनंद झाला कारण हे मी वाचलेलं होतं. लंडनच्या हेन्री हेड या डॉक्टरनं 1903 मध्ये चक्क स्वतःच्या डाव्या हातातली स्पर्शाची नर्व्ह सर्जनकडून कापून, पुन्हा जोडून घेतली, का तर रोगी नीट सांगू शकत नाहीत म्हणून. पुढं काही वर्षं तो केंब्रिजला रिव्हर्स या मित्राकडं जायचा, डोळे मिटून बसायचा आणि रिव्हर्स त्याच्या हाताला टोचायचा, गरम-थंड लावायचा आणि लिहून ठेवायचा. त्यालाही असंच झालं, आधी ओबडधोबड दुखणं आणि जहाल थंड-गरम, अलगद स्पर्श बऱ्याच उशिरा. त्यावरून त्यांनी मांडलेला सिद्धांत पुढं तसाच्या तसा टिकला नाही, पण हा क्रम खरा. वहिनीला ही गोष्ट सांगितली तर म्हणे, "त्याले कामधंदा नव्हता काय?"

स्पर्श आला तरी तो बरोबर पत्त्यावर येईलच असं नाही. हजारो धागे, हजारो वाटा, काही कोंब चुकीच्या नळीत शिरतातच. करंगळीला लावलं तर शेजारच्या बोटाला लागल्यासारखं वाटतं. हे हातात दुरुस्त होत नाही, मेंदूत होतं, मेंदूला नवा नकाशा पाठ करावा लागतो. त्यासाठी मॅडमनी सांगितलं वेगवेगळ्या गोष्टी चाचपायला द्या, आधी बघून, मग डोळे मिटून. आमच्याकडं त्याला काय तोटा, वाटीत तूर, मूग, ज्वारी, सरकी. सरकी लवकर ओळखू आली तिच्यावरच्या लवेमुळं. मूग आणि ज्वारीत अजून गोंधळ होतो, आणि पुतणी मुद्दाम त्यात साबुदाणा मिसळते. लहान मुलांमध्ये अशी नर्व्ह मोठ्यांपेक्षा बरीच चांगली येते, त्याचं एक मोठं कारण हेच सांगतात की त्यांचा मेंदू नवा नकाशा लवकर घेतो.

आज पोळ्याच्या आसपास हिशोब असा, चटका कळतो, टाचणी कळते, शेजारचं बोट बऱ्यापैकी सरळ होतं, करंगळी अजून आडमुठी, बोटं फाकवायची ताकद अर्धीमुर्धी. अजून काही महिने पाहू, नाहीतर ते स्नायूबंध फिरवायचं ऑपरेशन आहे असं डॉक्टर म्हणाले. हे सगळं पाहून आमच्या आळीतला एक जण माझ्याकडं आला आणि म्हणाला, सर, वहिनीची नस जोडली तसं माह्या भावाची काहून नाई जोडत?

त्याचा भाऊ चिंच झोडताना झाडावरून पडला, मणका मोडला, कमरेखाली काही नाही. या प्रश्नाला उत्तर देणं जड जातं. मेंदू आणि मज्जारज्जूत श्वान पेशी नसतात, तिथं आवरण घालणाऱ्या पेशी वेगळ्या, आणि त्या मोडतोडीनंतर वाट करून देत नाहीत, उलट त्यांच्या आवरणात कोंबाला थांबवणारे पदार्थ असतात. झ्युरिचच्या मार्टिन श्वाब यांच्या गटानं यातला एक शोधला, त्याला नोगो म्हणतात. सफाई संथ होते आणि तारापेशी नावाच्या तिथल्या मदतनीस पेशी जखमेभोवती वण बांधतात, तो वण बाकीचं वाचवतो पण वाटही अडवतो. काहालना वाटलं होतं की मोठ्या माणसाच्या मेंदूतल्या वाटा ठरलेल्या, पुन्हा काही उगवत नाही. मग 1981 मध्ये माँट्रियलला डेव्हिड आणि अग्वायो यांनी उंदराच्या मज्जारज्जूला पायातल्या नर्व्हच्या तुकड्याचा पूल लावला, तर त्याच मुर्दाड समजल्या जाणाऱ्या पेशींचे कोंब त्या पुलातून 3 सेंटिमीटरपर्यंत वाढले! पुलाच्या पलीकडं पुन्हा मज्जारज्जूत शिरले की थोड्याच अंतरावर थांबले. म्हणजे दोष फक्त पेशीत नाही, जमिनीतही आहे. पण उंदरापासून त्याच्या भावापर्यंत अजून उपचार पोचलेला नाही, हे मी त्याला सरळ सांगितलं. रज्जू अर्धवट दुखावली असेल तर पहिल्या वर्षात बरंच परत येऊ शकतं, उरलेल्या वाटा जास्त काम घेतात, लकवा मारलेला माणूस व्यायामानं सुधारतो तोही बराचसा असाच. त्याच्या भावाचं तसं नाही.

त्याच्या खिशात स्टेम सेल (मूळपेशी) टोचून मणका बरा करतो म्हणणाऱ्या एकाचं कार्ड होतं. वावर विकून जायची तयारी. मी त्याला म्हटलं, आपल्या देशाच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत स्टेम सेलचा मान्य उपचार म्हणजे रक्ताच्या आजारांसाठीचं प्रत्यारोपण, मणक्यासाठी पैसे घेऊन कोणी टोचत असेल तर त्याला विचार कोणत्या परवानगीनं. कार्ड त्यानं फाडलं नाही, परत खिशात ठेवलं. मी असतो तर मीही ठेवलं असतं बहुतेक.

भावाला सध्या लागतं ते वेगळंच आहे. रात्री दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, खुर्चीत थोड्या थोड्या वेळानं हातावर जोर देऊन बूड उचलायचं, बायकोनं रोज पाठ आणि टाचा बघायच्या, कारण चुलीजवळच्या करंगळीसारखंच तिथंही काही कळत नाही आणि बेडसोर झाला तर तो जिवावर बेततो. लघवीची नळी स्वच्छ ठेवायची. हे त्याचं घर चोख करतं. तो आता बसल्या बसल्या मोबाईल दुरुस्त करतो, आमच्या घरातले सगळे फोन त्याच्याकडंच जातात. ग्रामपंचायतीत दाखल्यासाठी गेला होता, रॅम्प आहे, पण रॅम्पच्या तोंडाशीच पाण्याची टाकी ठेवलेली. सरपंचांना सांगितलं, ते म्हणाले पाहू.